एका लाल रेघेची सुनावणी

जात पडताळणी समितीचा निर्णय चार पानांचा होता. पहिली तीन पाने कायद्याच्या कलमांनी आणि आम्हीच जोडलेल्या कागदांच्या यादीने भरलेली होती. खरे कारण चौथ्या पानावर, साडेतीन ओळींत: "अर्जदाराच्या आजोबांच्या शालेय नोंदीत जातीच्या रकान्यात खाडाखोड आढळून येते. सदर पुरावा संशयास्पद आहे. तसेच गृहचौकशीत कुटुंबास कुलदैवत सांगता आलेले नाही. सबब दावा अवैध ठरविण्यात येत आहे." खाली तीन सह्या. मी खिडकीपाशीच उभा राहून ते दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचणार तेवढ्यात मागच्या बाई म्हणाल्या, "काका, पारायण घरी करा. रांग आहे."

अर्जदार म्हणजे माझी मुलगी. वय अठरा. राखीव जागेवर तिला शहरातल्या शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन कधी नव्हती, पण या मुलीला नववीपासून मातीचे वेड. गच्चीवर मुरांब्याच्या रिकाम्या बरण्यांत तिने सतरा ठिकाणची माती भरून ठेवली होती, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून. तिच्याजवळ जातीचा दाखला होता. पण तो दाखला खरा आहे असे सांगणारा दुसरा दाखला लागतो, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. तो ठरलेल्या तारखेपर्यंत कॉलेजात दिला नाही तर प्रवेश रद्द. निर्णय हातात पडला तेव्हा त्या तारखेला एकोणीस दिवस उरले होते.

मी स्वतः सरकारी नोकर आहे. धरणांतल्या पाण्याच्या पातळ्यांच्या नोंदी तपासणे हे माझे सत्तावीस वर्षांचे काम. 'सदर' आणि 'सबब' ही भाषा मला परकी नाही, मीही तीच लिहितो. आमच्याकडे नोंदवहीतला आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लाल शाईने, शेजारी सही आणि तारीख. नवा माणूस आला की मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. गिरवलेला किंवा खरवडलेला आकडा दिसला की पान परत पाठवतो, मग कोणी रागावले तरी चालेल.

म्हणूनच मूळ गावच्या शाळेतले ते रजिस्टर पाहिले तेव्हा मला बरे वाटले होते.

आमचे गाव वाघोलीच्या पुढे. आता तिथे शेतांपेक्षा इमारती जास्त आहेत, पण शाळा जुन्याच जागी आहे. पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा होता, आणि माझे वडील त्याच्या आधी त्या शाळेत दाखल झाले होते. शिपायाने कपाटाच्या तळातून रजिस्टर काढून फडक्याने झटकले. "हाय बगा, सायेब. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पर मधलं शाबूत हाय." वडिलांचे नाव सापडले. जातीच्या रकान्यात काळ्या शाईने 'महार' लिहिले होते. त्या शब्दावर एक बारीक लाल रेघ, पट्टीने ओढलेली. वर लाल शाईत 'बौद्ध'. शेजारी मुख्याध्यापकांची सही, तारीख, आणि इतक्या बारीक अक्षरांत की मला चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरावे लागले: 'पालकाचे अर्जावरून'.

तो पालक म्हणजे माझे आजोबा. छप्पन्न साली धम्म स्वीकारल्यानंतर काही महिन्यांनी ते शाळेत गेले आणि तीनही मुलांच्या नावापुढचा तो शब्द काढायला लावला. तेव्हा वडिलांचे त्या शाळेतले शिक्षण संपलेही होते. तरी जुन्या रजिस्टरातला शब्दसुद्धा आजोबांना तिथे राहू द्यायचा नव्हता. अर्ज लिहिता येत नव्हता म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतला आणि खाली स्वतः अंगठा दिला. हे वडील आम्हाला लहानपणी अनेकदा सांगत. मी मात्र ती रेघ पहिल्यांदाच पाहत होतो. मुख्याध्यापक कोण होते मला माहीत नाही, पण मी त्यांना माझ्या हाताखाली डोळे मिटून घेतले असते.

कार्यालयात हे सांगितले तर माझ्या टेबलासमोर बसणारे सहकारी, ज्यांनी स्वतःच्या दोन मुलांच्या व्हॅलिडिट्या काढल्या होत्या, कपाळाला हात लावून बसले.

"अहो, अख्ख्या पानाची कॉपी कशाला देताय? शाळेकडून उतारा घ्या. उताऱ्यात जात म्हणून मूळ शब्द लिहून देतात. रेघ कुणाला दिसतेय?"

"पण पानावर रेघ आहे."

"म्हणून तर सांगतोय."

"रेघ नियमाप्रमाणे आहे. सही आहे, तारीख आहे."

"साहेब, तुम्ही पाण्याची पातळी देत नाही आहात."

मी ऐकले नाही. पूर्ण पानाची साक्षांकित प्रत दिली, तीही रंगीत, म्हणजे लाल शाई लाल दिसावी. एकूण तेवीस कागद जोडले, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि वर अनुक्रमणिका लावली. नीट काम केले की नीट उत्तर येते, अशी माझी समजूत होती. या वयातही ती शिल्लक होती, याची आता मला लाज वाटते.

चौकशीसाठी एक अधिकारी घरी आले. माणूस सभ्य होता. चहा घेतला, साखर कमी आहे का विचारले, आणि छापील फॉर्म गुडघ्यावर ठेवून वडिलांकडे वळले. वडील त्र्याऐंशी वर्षांचे, ऐकायला कमी येते, पण तब्येत ठीक.

"आजोबा, घराण्याचं कुलदैवत कोणतं?"

वडिलांनी समोरच्या भिंतीकडे बोट केले. तिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती.

"ते आत्ताचं. त्याच्या आधीचं?"

"आधीचं सोडलं."

"हो, पण सोडलं ते कोणतं?"

"सोडलेलं पाठ करून ठेवायचं असतं का हो? तुम्ही ठेवता?"

अधिकारी हसले. "माझा प्रश्न नाही आजोबा, फॉर्मचा आहे. रकाना रिकामा सोडता येत नाही."

"मग लिहा, छप्पन्न साली सोडलं."

त्यांनी काहीतरी लिहिले. काय लिहिले ते आम्हाला दोन महिन्यांनी कळले: 'सांगता आले नाही.' ते गेल्यावर माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "एखाद्या देवाचं नाव ठोकून द्यायचं होतं. पोरीचं भागलं असतं." वडिलांना ते ऐकू आले. एरवी टीव्हीचा आवाजही धड ऐकू येत नाही, पण हे आले. ते उठून गच्चीवर जाऊन बसले.

समितीपुढच्या सुनावणीच्या दिवशी सकाळी चौकशी अहवालाची प्रत हातात मिळाली. ती वाचायला मला व्हरांड्यात उभ्या उभ्या वेळ मिळाला तेवढाच. आत तीन सदस्य होते. त्यातले एक पूर्ण वेळ मोबाइलवर काहीतरी सरकवत होते. मध्ये बसलेल्यांनी रंगीत प्रत उचलली.

"हे खोडलं कोणी?"

"मुख्याध्यापकांनी. माझ्या आजोबांच्या अर्जावरून. शेजारी सही आहे."

"सही काय, कोणीही करतं."

मी म्हणालो, "साहेब, खोटेपणा करायचा तर माणूस जात मिळवायला खाडाखोड करेल. ही जात घालवायला मारलेली रेघ आहे. यातून त्या वेळी आम्हाला काय मिळालं?"

उजवीकडचे सदस्य म्हणाले, "पॉइंट आहे हां." मोबाइलवाल्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी घड्याळ लावून बसलो होतो. चार मिनिटांत सुनावणी संपली. तो पॉइंट चार पानांच्या निर्णयात कुठेच नव्हता. मी शोधला.

निर्णय घेऊन मी नारायण पेठेतल्या एका वकिलांकडे गेलो. ओळखीतून नाव मिळाले होते. लाकडी जिना, वर छोटी खोली, सगळीकडे फायली. माझ्याच वयाचे गृहस्थ. त्यांनी चौथे पान आधी वाचले. पहिली तीन उघडलीच नाहीत, यावरून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

"जिल्हा न्यायालयात अपील करायचं ना?" मी विचारले.

"नाही."

"मग दिवाणी दावा?"

"कायद्यानंच मनाई आहे. दिवाणी न्यायालयाला या विषयात हातच घालता येत नाही."

"समितीच्या वर कोण असतं?"

"कोणीच नाही. समितीचा निर्णय अंतिम असतो."

"अंतिम असेल तर आपण इथे कशाला बसलोय?"

"कारण घटना आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मुंबईला."

"पुण्यात काहीच नाही?"

"पुण्यात मागणी आहे ना. खंडपीठाची. मी सनद घेतली त्याच्या आधीपासून आहे. ती चालू राहील. तुम्ही तोवर मुंबईची बस बघा."

मग त्यांनी चष्मा काढला आणि जरा सावकाश बोलले. "एक आत्ताच समजून घ्या, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. तुमची मुलगी कोण आहे हे हायकोर्ट ठरवणार नाही. या तिघांनी ते नीट ठरवलं का, तेवढंच बघेल. अहवाल वेळेत दिला का, तुमचं म्हणणं विचारात घेतलं का, कारणं दिली का."

"आणि नीट ठरवलं नाही असं निघालं तर?"

"तर परत ठरवा म्हणून सांगेल."

"कोणाला?"

"ह्याच तिघांना. दुसरं कोण आहे?"

  मी पाणी मागितले.

स्वारगेटहून पहाटे पाचच्या बसने मी एकूण सहा वेळा मुंबईला गेलो. तीन वेळा आमचा क्रमांक आलाच नाही. एकदा आमचा क्रमांक एकसष्ट होता आणि कोर्ट अठ्ठावन्नला उठले. उरलेल्या तीन वेळांत न्यायमूर्तींसमोर आमचे प्रकरण मिळून बारा मिनिटे चालले. मी तक्रार करत नाही, तिथे बसलेल्या प्रत्येकाचा हिशेब असाच होता. सोलापूरकडचे एक शिक्षक माझ्या शेजारी बसत. त्यांच्या मुलाचे प्रकरण सुरू झाले तेव्हा मुलगा पहिल्या वर्षाला होता, आता पास होऊन नोकरी शोधत होता.

पहिल्या वेळी, तारखेला चार दिवस उरले असताना, अंतरिम आदेश मिळाला: पुढील आदेशापर्यंत प्रवेश रद्द करू नये. त्या दिवशी मी दादरला उभ्याने दोन वडापाव खाल्ले. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली, ती एकदम चिंचवडला जाग आली.

कॉलेजने आदेश पाळला. फक्त हजेरीपटात मुलीच्या नावापुढे चांदणीची खूण केली आणि खाली टीप दिली, 'न्यायालयीन निर्णयास अधीन'. पाच महिने ती चांदणी घेऊन बसली. एक प्राध्यापक हजेरी घेताना विचारायचे, "चांदणी उगवली का?" वर्ग हसायचा. ती घरी येऊन सांगायची आणि स्वतःही हसायची, म्हणून आम्हाला वाटले तिला काही वाटत नसावे. एकदा मी तिची जर्नल चाळली. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर तिने नावानंतर स्वतःच्या हाताने चांदणी काढली होती. मी विचारले तर म्हणाली, "म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, लपवलं." तिला ही सवय कुठून लागली हे मला विचारायची गरज नव्हती.

अंतिम सुनावणीला आमच्या वकिलांनी रजिस्टरचे ते पान पुढे केले. दोन न्यायमूर्ती होते. ज्येष्ठांनी पान हातात घेऊन सरकारी वकिलांना विचारले, "रेघेखालचा शब्द तुम्हाला वाचता येतोय?"

"येतोय, माय लॉर्ड."

"मलाही येतोय. मग खोडलं काय आहे?"

सरकारी वकील फाइल चाळू लागले. कोर्टात थोडी हसण्याची लहर उठली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटले, संपले. एका शहाण्या माणसाने सहा सेकंदांत पाहिले, जे त्या तिघांना दिसले नव्हते. आता ते एक वाक्य लिहितील आणि आम्ही घरी जाऊ.

आदेश असा झाला: अहवाल वेळेत दिलेला नाही, मुख्याध्यापकांच्या सहीचा विचार केलेला नाही, सबब निर्णय रद्द. प्रकरण समितीकडे फेरनिर्णयासाठी परत. मुदत सहा आठवडे. तोवर प्रवेशाला संरक्षण.

व्हरांड्यात वकील खुशीत होते. "जिंकलो."

"त्यांना दिसलं ना सर, शब्द स्पष्ट आहे ते? मग तसं लिहीत का नाहीत?"

"ते समितीचं काम आहे. कोर्ट समितीच्या खुर्चीत बसत नाही."

"पण समितीच्या खुर्चीत कोण बसलंय ते तर बघितलं ना?"

"अहो, तुमच्या धरणाच्या नोंदी हायकोर्ट तपासायला लागलं तर चालेल तुम्हाला?"

मी विचार केला. खरे सांगायचे तर, चालले असते. निदान रेघ आणि खाडाखोड यांतला फरक कळणाऱ्याने तपासल्या असत्या. पण त्यांचे तत्त्व मला समजत होते, आणि समजत होते म्हणूनच अधिक किळस येत होती. प्रत्येकजण आपापल्या हद्दीत बरोबर होता. दिवाणी कोर्ट बरोबर, हायकोर्ट बरोबर, फॉर्म भरणारे अधिकारीही बरोबर. या सगळ्या बरोबरांमधून फिरून माझी मुलगी त्याच दारापाशी येऊन उभी राहिली होती.

फेरसुनावणीला तेच तिघे, त्याच क्रमाने बसलेले. मधले मला पाहून म्हणाले, "काय, वर जाऊन आलात ना? शेवटी इथंच यावं लागलं." हे ते रागाने म्हणाले नाहीत, थट्टेने म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला सोपे गेले असते. या वेळी त्यांनी मला काही विचारलेच नाही. म्हणाले, "अर्जदार ही आहे ना? हिलाच बोलू द्या."

मुलगी उभी राहिली.

"तू सांग बाळ. तुम्ही महार आहात?"

"होतो, सर."

"होतो म्हणजे? आम्हाला आहात की नाही हे ठरवायचं आहे."

"आम्ही बौद्ध आहोत. पणजोबांनी—"

"ते वाचलंय. ते धर्माचं झालं. मी जात विचारतोय."

 मला कायदा माहीत होता. धर्मांतरानंतरही बौद्धांची सवलत चालू राहते, पण तिचा धागा जुन्या जातीपर्यंत नेऊन दाखवावा लागतो. तिलाही माहीत होते, आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून वाचले होते. तरी ती म्हणाली, "कागदासाठी आहोत, सर."

"कागदासाठी असं लिहिता येत नाही. हो की नाही?"

मोबाइलवाल्यांचा मोबाइल या वेळी टेबलावर पालथा होता. तिघेही तिच्याकडे पाहत होते. मी खाली पाहत होतो. तिच्या सँडलला कॉलेजच्या प्लॉटवरची काळी माती लागलेली होती, सकाळी प्रॅक्टिकल करून ती थेट आली होती.

"हो," ती म्हणाली.

"बस. एवढंच हवं होतं." त्यांनी लिहून घेतले.

साडेतीन आठवड्यांनी निर्णय झाला. दावा वैध. या वेळी अर्धे पान. 'उपलब्ध पुराव्यांवरून दावा सिद्ध होतो.' मी यादी ताडून पाहिली. पहिल्या वेळी तेवीस कागद होते, दुसऱ्या वेळी तेच तेवीस. एकही नवा कागद नाही, एकही कमी नाही. लाल रेघेबद्दल अवाक्षर नाही, कुलदैवताबद्दल नाही, आणि आधीच्या साडेतीन ओळी का लिहिल्या होत्या याबद्दलही नाही. वडिलांना मी फक्त काम झाले असे सांगितले. मुलीला काय विचारले आणि तिने काय उत्तर दिले ते सांगितले नाही. त्यांनी विचारले, "रेघ मान्य केली ना त्यांनी?" मी हो म्हणालो. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी कार्यालयीन कामकाजाबद्दल दिलेले हे पहिले खोटे उत्तर.

मूळ प्रमाणपत्र घ्यायला मी आणि मुलगी गेलो. मधले सदस्य त्या दिवशी आपल्या खोलीत एकटेच होते. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, शाई वाळावी म्हणून कागद जरा हलवला आणि मुलीला म्हणाले, "अभ्यास कर हं. एवढं सगळ्यांनी तुझ्यासाठी केलंय." ती त्या हलणाऱ्या कागदाकडे पाहत होती. मी मात्र दोन पावले पुढे झालो, हात जोडले, कमरेत थोडा वाकलो आणि म्हणालो, "आभारी आहे साहेब. तुमच्यामुळे झालं."

जिन्यात ती माझ्या पुढे उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि मागे न वळता तिने विचारले, "बाबा, तुम्ही त्यांचे आभार का मानलेत?"

तिच्यापाशी खोटे बोलणे मला जमले नसते. मी म्हणालो, "सही झाली होती ग. पण शिक्का मारायचा राहिला होता."